तन्मणीचे पदर सैल पडतात : मदत हवी आहे

नमस्कार. घरकाम आवरल्यावर दुपारी मी हौसेने मोत्यांचे दागिने ओवते. नथ आणि चिंचपेटी तारेवर बसत असल्यामुळे त्यांचा त्रास नाही. तन्मणीचे पदर मात्र नायलॉनच्या दोऱ्यात ओवले की काही दिवसांनी लांबतात आणि मोत्यांमधून दोरा दिसू लागतो, तर रेशमी दोरा काचेच्या मण्यांच्या धारदार छिद्रांत कातरला जातो. प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारावी, तर ३ मिलिमीटरच्या मोत्यांत गाठच डोळ्यांत भरते. पटवेकरी (दागिने दोऱ्यात ओवून देणारे कारागीर) असे सर कोणत्या दोऱ्यात गाठवतात? प्लास्टिकचे आवरण असलेली बारीक पोलादी तार वापरल्यास पदर ताठ राहतात का? (सासूबाईंच्या मते पदर गळ्यावर मोकळे पडले पाहिजेत, आणि ते मलाही पटते.) अनुभवी मंडळींनी कृपया दोऱ्याची जाडीही सांगावी.