'गो'चं 'वेन्ट' का होतं? मुलांना सांगावं की नुसतं पाठ करून घ्यावं?

धागाकर्ता: 'का?' विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, अपवाद आहे, पाठ करा. मला हे पटत नाही. 'वेन्ट' मुळात 'गो'चं रूपच नाही, ते 'वेन्ड' या वेगळ्या क्रियापदाचं आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वळणं. 'सेन्ड'चं 'सेन्ट', 'बेन्ड'चं 'बेन्ट', तसंच 'वेन्ड'चं 'वेन्ट'. त्याआधीही 'गो'चा भूतकाळ परक्याच मुळाचा होता, 'एओडे'. 15व्या शतकाच्या सुमारास त्याची जागा 'वेन्ट'नं घेतली. हे सांगायला दोन मिनिटं लागतात, तीही मुलांना नाकारायची?

प्रतिसाद १: असहमत. वंशावळ ठाऊक असलेला मुलगा 'आय डिड नॉट वेन्ट' म्हणणार नाही असं थोडंच आहे? ती चूक सरावानंच जाते.

प्रतिसाद २: सरावाला विरोध कुणाचाच नाही. पण आपलं 'जाणे' बघा. 'जा' संस्कृतच्या 'या' धातूतून आलं, 'गेला' मात्र 'गम्'च्या 'गत'मधून. अगदी 'गो–वेन्ट'सारखंच! सतत तोंडात असलेली क्रियापदंच अशी बेंगरूळ रूपं टिकवून धरतात. क्वचित लागणारं क्रियापद असतं तर लोकांनी कधीच नियमात बसवलं असतं.

प्रतिसाद १: मग माझंच म्हणणं सिद्ध झालं ना! 'गेला' म्हणायला आपल्यापैकी कुणाला 'गम्' शिकावा लागला?

धागाकर्ता: मायबोली दिवसभर कानावर पडते, परकी भाषा तासाभराची. तिथे आधार लागतो.

प्रतिसाद ३: तुम्ही दोघं रूपावरच अडलात. खरी गंमत अर्थात आहे. इंग्रजीत माणूस 'गो मॅड' होतो, अन्न 'गो बॅड' होतं, पण स्वप्न 'कम ट्रू' होतं. बिघडतं ते बहुधा जातं, जुळून येतं ते येतं. मराठीत वाया जातं, लयाला जातं. उदयाला येतं, नावारूपाला येतं. बोलणारा स्वतःला चांगल्या स्थितीत उभं धरतो, तिथून दूर सरकलं की 'जाणे', जवळ आलं की 'येणे'. मुलांना हे दाखवा, शेकडो प्रयोग आपोआप उलगडतील.

प्रतिसाद १: हे मात्र शिकवावं, कारण बोलताना लगेच उपयोगी पडतं. 'वेन्ट'च्या इतिहासाचं तसं नाही.

धागाकर्ता: अर्थाचा मुद्दा आधी घ्यावा, मान्य. पण कुणी 'का?' विचारलं, तर माझी दोन मिनिटं मी देणारच.