ग्लॉस्टरशरमधलं घर: जुन्या काँक्रीटवर रेझिन-बाउंड ड्राइव्ह-वे चालेल का?

रानजाई: आम्ही इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये एका गावात राहतो. घरासमोर साधारण ५० चौरस मीटर जुनं काँक्रीट आहे, त्यावर आधीच्या मालकाने सुटी खडी पसरलेली. सासूबाईंची व्हीलचेअर त्यात रुतते. कंत्राटदार म्हणतो, खडी काढून थेट काँक्रीटवर रेझिन-बाउंड घालू, पाणी झिरपतं म्हणून कौन्सिलची (प्लॅनिंग) परवानगी लागत नाही. खरं आहे का?

खडीवाला: ताई, मी हेच काम करतो. अर्धंच खरं आहे. रेझिन-बाउंड म्हणजे खडी रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) घोळवून चिक्कीसारखी थापतात, १५ ते १८ मिलिमीटर. त्या थरातून पाणी जातं, पण खालच्या काँक्रीटवर अडतं आणि उताराने रस्त्याकडे निघतं. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २००८पासून घरासमोर ५ चौरस मीटरपेक्षा जास्त भागात पाणी न मुरणारी फरसबंदी करायची तर परवानगी लागते. पाणी आपल्याच हिरवळीत किंवा वाफ्यात सोडलं तर नाही. २००७च्या उन्हाळ्यातल्या पुरात तुमच्याच भागातल्या ट्यूक्सबरीचं काय झालं ते तुमच्याकडे कुणीही सांगेल. हा नियम उगाच नाही आला.

माझं मत, काँक्रीट उखडा. खर्च वाढेल, पण पाणी खरंच जमिनीत जाईल. पायाला ‘टाइप ३’ खडी मागा, म्हणजे भुकटी फारशी नसलेली. ‘टाइप १’मध्ये भुकटी असते, ती पोकळ्या बुजवते. त्यावर सच्छिद्र डांबर, मग रेझिन. तुमच्याकडे सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात चिकणमाती भरपूर, पाणी हळू मुरतं. तिथे पाया जाड लागतो. आधी खड्डा खणून, पाणी ओतून बघायला सांगा.

गारवा: आमच्याकडे फिकट खडी वर्षभरात पिवळी पडली.

खडीवाला: स्वस्त रेझिन उन्हाने पिवळं पडतं. ‘यूव्ही-स्टेबल’ (उन्हाने रंग न बदलणारं) हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. आणि खडी ओली असेल किंवा पावसाची चिन्हं असतील त्या दिवशी काम करू देऊ नका. हे रेझिन बहुधा पॉलियुरेथेन असतं, त्याला ओल लागली की फेस येतो, मग तो भाग उकरूनच काढावा लागतो.

रानजाई: खूप आभार! काँक्रीट काढायचंच ठरवलं. दाराशी पायरी नको म्हणून पृष्ठभाग उंबरठ्याला टेकवला तर?

खडीवाला: सरसकट नको. भिंतीतला ओल रोखणारा थर शोधा, पृष्ठभाग त्याच्या १५० मिलिमीटर खाली हवा. फक्त दारापुरता हलका चढ घ्या, आणि उंबरठ्यालगत जाळीची पन्हळ बसवा. व्हीलचेअरची चाकं अडकणार नाहीत अशी बारीक जाळी निवडा.