हडंब्याच्या (मळणीयंत्राच्या) आवाजानं कानातल्या पेशी मेल्या, त्या परत येतात का?

वऱ्हाडी_पोट्टा:
नमस्कार मंडळी. आमचे बाबा वीस-बावीस वर्षांपासून हडंब्यावर असतात, सोयाबीन झालं की तूर, मंग चना, गावभर आमचाच हडंबा फिरते. दोन वर्षांपासून कानात रातकिड्यावानी किर्र आवाज येते म्हणतात, बोललेलं ऐकू येते पण समजत नाही, आई म्हणते साखर आणा तर ते भाकर घेऊन येतात. परवा ऑडिओमेट्री म्हणजे ऐकायची तपासणी केली, ४००० हर्ट्झच्या बारीक सुरापाशी रेष एकदम खाली गेली हाये, म्हंजे तिथं ऐकू कमी येते. डॉक्टर म्हणाले आतल्या केसपेशी, म्हंजे आवाज पकडणाऱ्या पेशी मेल्या, कानाची मशीन लावा. पण म्या वाचलं की कोंबडीच्या कानात ह्या पेशी परत उगवतात. मंग माणसाले काऊन नाही? औषध येणार असन तर थांबू का?

जीवशास्त्र_मास्तर:
बरोबर वाचलं भाऊ. १९८८ मधे कोंबडीच्या पिलांवर अन बटेरवर तेच दिसलं, मोठ्या आवाजानं पेशी मेल्या तर शेजारच्या आधारपेशींचं विभाजन होऊन त्यातूनच नव्या केसपेशी आल्या. आपल्यात त्या आधारपेशी आहेत पण हे काम करत नाहीत. एका कानात साधारण १५-१६ हजार केसपेशी, त्याही जन्माआधीच तयार झालेल्या, त्यातल्या साडेतीन हजाराच्या आसपास मेंदूले खबर देतात, बाकीच्या मुख्यतः आवाजाले जोर देतात. आवाज आला की त्यांच्या डोक्यावरचे बारीक तुरे गव्हाच्या ओंब्यांसारखे लवतात अन तिथूनच विजेचा संदेश सुरू होते. बारीक म्हणजे उंच सुराच्या आवाजाच्या पेशी आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीच्या तोंडाशीच असतात, मार पहिले त्यांनाच बसते, म्हणून 'स' जाते अन 'आ' राहते, साखरेची भाकर तिथंच होते. औषधासाठी थांबू नका. एफएक्स-३२२ नावाचं एक औषध २०२३ मधे चाचणीत टिकलं नाही.

कापूसवाली_ताई:
पण २०२४ मधे चीनमधे जन्मतः बहिऱ्या लेकरांना जीन थेरपीनं ऐकू आल्याची बातमी होती ना?

जीवशास्त्र_मास्तर:
हो ताई, खरी आहे. पण त्या लेकरांच्या पेशी जिवंतच असतात, फक्त ओटोफर्लिन हे प्रथिन नसल्यानं खबर पुढे जात नाही, ते प्रथिन बनवणारा जीन आत पोचवला. काकांच्या पेशीच गेल्या, तिथं ते चालत नाही.

जिनिंगवाला:
दादा मी बारा वर्ष जिनिंगमधे होतो, कानात सरकीचा कापूस कोंबायचो, त्यानं काहीच होत नाही, फोमचे प्लग घ्या अन पिळून बारीक करून नीट आत घाला. मशीन लावायले मी चार वर्ष टाळलं, लय चूक केली. पहिला आठवडा भांडे आदळल्यावानी वाटते, काकांना काढू देऊ नका. मले तर फोडणीत मोहरी तडतडलेली ऐकू आली तवा मी चुलीपाशीच बसून राहिलो. अन ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासाच्या वर नाही, तीन डेसिबल वाढले का वेळ अर्धा, हे सगळ्या हडंबेवाल्यांना सांगा.

वऱ्हाडी_पोट्टा:
मास्तर, ताई, दादा, लय उपकार. सोमवारी बाबांना मशीनसाठी नेतो. अन पोतं धरून हडंब्याच्या तोंडापाशी तर मीच उभा असतो आठ वर्षांपासून, तुरीच्या आधी माह्यी पण ऑडिओमेट्री करून घेतो.