'नुकतीच दाबलेली' म्हणजे नक्की कधी?

कोडेकर: शाळकरी मुलांसाठी गोडो या गेम बनवायच्या इंजिनाच्या मराठी टिपा लिहितोय. जीडीस्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्याच्या कोडच्या भाषेत, 'इज अ‍ॅक्शन प्रेस्ड' हे कळ दाबून धरलीय तोवर दर फ्रेमला (पडद्यावरच्या दर नव्या चित्राला) 'हो' सांगतं. 'इज अ‍ॅक्शन जस्ट प्रेस्ड' फक्त दाबली त्या फ्रेमला. चालायला पहिलं, उडीला दुसरं. मी 'दाबलेली' आणि 'नुकतीच दाबलेली' असं लिहिलं. एका पोराने विचारलं, "नुकतीच म्हणजे किती वेळापूर्वी?" काय लिहू?

वरणभात: पोरगं हुशार आहे. 'नुकताच जेवलो' म्हणणाऱ्याचा हात कधीच वाळलेला असतो! फिजिक्सचे ठोके (इंजिन हालचाल मोजतं ते) मूळ सेटिंगला सेकंदाला ६०, तिथे 'नुकतीच' फार ऐसपैस. 'दाबताक्षणी' लिही. पहिल्याला 'दाबून धरलीय'.

जुनी_विहीर: पण 'कळ' कशाला? कळ पोटात येते. सरळ 'बटण' म्हणा.

शुद्धमती: कळसूत्री बाहुली काय पोटदुखीने नाचते? कळ म्हणजे युक्ती, यंत्र. माझ्या मते 'कळणे'शीच नातं आहे, दाबली की यंत्राला कळतं.

जुनी_विहीर: ही व्युत्पत्ती तुम्ही आत्ता, दाबताक्षणी केलीत.

रात्रपाळी: दोघेही चुकताय. हे फंक्शन कळीबद्दल विचारतच नाही, अ‍ॅक्शनबद्दल विचारतं. कोणत्या कृतीला कोणतं बटण ते ठरवणाऱ्या इनपुट मॅपमध्ये 'उडी'ला स्पेसबारही लावता येतो, गेमपॅडचं बटणही. आता 'उडी दाबली' म्हणणार का?

वरणभात: माझा भाचा तस्संच ओरडतो. "अरे उडी दाब, उडी दाब!"

शुद्धमती: भाचा म्हणजे प्रमाणभाषा नव्हे.

कोडेकर: बरं, 'अनहँडल्ड इनपुट'ला 'न हाताळलेलं' चालेल?

रात्रपाळी: नको. दुकानात 'फळे हाताळू नयेत' अशी पाटी असते, म्हणजे हात लावू नका. इथे नोडने (गेमच्या एका घटकाने) इव्हेंटला (कळ दाबल्याच्या निरोपाला) नुसता हात लावला, वाचून बघितला, तरी तो पुढे जातोच. 'सेट इनपुट अ‍ॅज हँडल्ड' म्हटल्यावरच थांबतो. निरोप आधी 'इनपुट' या फंक्शनकडे, मग पडद्यावरची बटणंबिटणं, आणि कोणीच ठेवून घेतलं नाही ते शेवटी 'अनहँडल्ड'कडे. 'कोणी न घेतलेलं' म्हण.

शुद्धमती: आणि इनपुटला 'आदान' हा शब्द असताना...

टंकबाई: बावीस वर्षं टाइपरायटरवर काढली. 'कळ' कोणी म्हणालं नाही, 'आदान' तर नाहीच. 'की' म्हणायचो.

कोडेकर: म्हणजे उडीला 'दाबताक्षणी' ठरलं ना?

जुनी_विहीर: थांबा, पेटीवाले 'पट्टी' म्हणतात. काळी चार, पांढरी पाच. 'पट्टी' का नको?