बीबीसी मायक्रोला फ्लॉपीऐवजी एसडी कार्ड: गोटेक घ्यावा की घरीच काही बनवावं?

उद्यमनगरकर:
कोल्हापुरातल्या एका शाळेच्या अडगळीतून बीबीसी मायक्रो मॉडेल बी (एकॉर्नचा ऐंशीच्या दशकातला संगणक) मिळालाय, क्लास प्रकल्पाच्या (शाळांतल्या संगणक साक्षरतेच्या) काळातला. चालू केला की बेसिक येतं, कीबोर्ड ठीक आहे. फ्लॉपी ड्राइव्ह नाही. गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा, पेनड्राइव्हवरून डिस्क वाचणारा डबा) आणून जोडला की झालं का? सोल्डरिंग येतं, ईप्रॉम (रॉमची चिप) लिहिणारा प्रोग्रामर हाताशी आहे.

आठबिट_रंकाळा:
आधी झाकण काढून बोर्डावर आयसी ७८ लिहिलेलं सॉकेट बघा. तिथे ८२७१ ही डिस्क कंट्रोलर चिप लागते. सॉकेट रिकामं असेल तर गोटेक शोभेला ठेवा; तो फक्त ड्राइव्हची जागा घेतो, कंट्रोलरची नाही. चिप असेल तर मात्र गोटेकवर फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर टाका, एफएफ.सीएफजी फाइलीत इंटरफेस शुगार्ट आणि होस्ट एकॉर्न करा, ३४ पिनी रिबन जोडा.
८२७१ नसेल तर ती शोधत बसू नका, महाग पडते. एसडी कार्ड सरळ यूजर पोर्टवर (मशीनच्या खालच्या बाजूच्या जोडणीवर) घ्या.

उद्यमनगरकर:
सॉकेट रिकामंच आहे. यूजर पोर्टची वायरिंग सांगाल का?

पंचगंगा_६५०२:
सांगतो. २० पिनी कनेक्टर:
पिन १: ५ व्होल्ट, पिन ५: ग्राउंड
पिन ६ (पीबी०): कार्डच्या मोसीला (कार्डात जाणारा डेटा)
पिन ८ (पीबी१): क्लॉकला, आणि तिथूनच एक तार पिन २ (सीबी१) ला
पिन ४ (सीबी२): मिसोला (कार्डातून येणारा डेटा)
कार्डचा सीएस (चिप सिलेक्ट) कायम ग्राउंडला.

कार्ड ३.३ व्होल्टचं, पोर्ट ५ चा. इथे बरेच जण व्होल्टेज उतरवायला दोन रेझिस्टरचा डिव्हायडर लावतात आणि फसतात. यूजर पोर्ट चालवणारी जुनी एनमॉस ६५२२ चिप पिन 'हाय' असताना फारच कमी करंट देते, डेटाशीटमध्ये २.४ व्होल्टला १०० मायक्रोअँपियरचीच हमी आहे. १.८ के आणि ३.३ के चा डिव्हायडर ५ व्होल्टला जवळपास १ मिलिअँपियर मागतो, मग पातळी खाली बसते. त्यापेक्षा ७४एलव्हीसी१२५ ही बफर चिप असलेलं छोटं मायक्रोएसडी मॉड्यूल घ्या, आर्डुइनोवाले वापरतात ते. रेग्युलेटर त्यावरच असतो. फक्त रेझिस्टरवालं मॉड्यूल घेऊ नका.

रिबन वीतभरापेक्षा लांब नको. कनेक्टर रिबनच्या उलट्या अंगाने दाबला तर सम-विषम पिनांची अदलाबदल होते, म्हणून मॉड्यूल जोडण्याआधी १ आणि ५ मध्ये ५ व्होल्ट येतात का ते मीटरने बघाच.

आठबिट_रंकाळा:
सॉफ्टवेअर एमएमएफएस (कार्डला डिस्कसारखं वापरू देणारी फाइल सिस्टम), यूजर पोर्टवाली आवृत्ती. १६ केबीचा रॉम आहे, २७सी१२८ ईप्रॉमवर बर्न करून आयसी १०१ च्या सॉकेटमध्ये बसवा. २७सी२५६ असेल तर दोन्ही अर्ध्या भागांत तेच भरा. कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून बीब.एमएमबी ही डिस्कच्या प्रतींची फाइल सगळ्यात आधी कॉपी करा. ती सलग पडली पाहिजे, तुकडे झाले की गोंधळ. एका फाइलीत २०० केबीच्या ५११ डिस्क मावतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, पेज (बेसिक प्रोग्राम मेमरीत जिथून सुरू होतो तो पत्ता, हेक्समध्ये) &ई०० वरून &१९०० वर जातं. म्हणजे २८१६ बाइट कमी, त्यामुळे कॅसेटसाठी लिहिलेले काही मोठे प्रोग्राम तसेच चालणार नाहीत.

शाहूपुरी_सोल्डर:
हे सगळं नंतर करा भावा, आधी पॉवर सप्लाय उघडा. मेनच्या (घरच्या विजेच्या) बाजूला जुने कागदी एक्स२ वर्गाचे कपॅसिटर असतात, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरड. त्यांच्या कव्हराला तडे जातात, आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल आत शिरते आणि एक दिवस धूरच. नवीन २७५ व्होल्टचे एक्स२ लावा. प्लग काढून, मोठे कपॅसिटर उतरल्याची खात्री करूनच हात घाला.

उद्यमनगरकर:
कपॅसिटर बदलले. स्टार हेल्प (*HELP) कमांडला एमएमएफएस दिसतं, पण डिस्कची यादी मागायला स्टार डीकॅट (*DCAT) दिलं की कार्डाचा एरर येतो.

पंचगंगा_६५०२:
रॉम ठीक आहे म्हणजे. पिन ८ ते २ ची तार बघा. वाचताना ६५२२ चा शिफ्ट रजिस्टर सीबी१ वरच्या क्लॉकवर चालतो. ती तार नसेल तर कमांड कार्डापर्यंत जाते, उत्तर आत येत नाही. तार असेल तर दुसरं कार्ड घालून बघा.

उद्यमनगरकर:
तार होती, पण पिन २ वर सोल्डर धरलाच नव्हता. आता यादी येते.