ग्रुप राइडमध्ये फिक्सी: बंदी घालायची की पुढच्या ब्रेकची अट?

सुदामानगरकर (धागाकर्ता)

आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये वाद पेटलाय. एका नव्या सदस्याने इंदूर–महू राइडला फिक्सी आणली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फिक्सी म्हणजे फिक्स्ड गिअरची सायकल, मागच्या चाकात फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच. पाय थांबवून नुसतं घरंगळत जाणं नाही. राऊ यायच्या आतच दोघातिघांनी कुरकुर केली आणि संध्याकाळी प्रस्ताव आला की क्लबच्या राइडला फिक्सी नकोच.

माझा या बंदीला ठाम विरोध आहे. फिक्सी आणि बिनब्रेकची फिक्सी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण दोघींना एकाच फटक्यात हाकलतोय. मागचं चाक पायाने रोखून थांबायला अंतर जास्त लागतं, कारण वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं हलकं होऊन घसरतं. पुढे चांगला ब्रेक असेल तर हा प्रश्न उरत नाही. ब्रिटनच्या कायद्यातही हेच आहे: फिक्स्ड सायकलला पुढचा ब्रेक हवा, मागचं काम पाय करतात. तिथल्या क्लबांमध्ये हिवाळाभर फिक्स्डवर ग्रुपने फिरायची जुनी परंपरा आहे. पाय सलग, एकसारखे फिरायची सवय लागावी म्हणून लोक ती चालवायचे.

आणि खरं सांगू का, सपाट रस्त्यावर फिक्सीवाल्याच्या मागे राहणं मला जास्त आवडतं. तो उगाच ब्रेक दाबत नाही. पायाचा जोर जरा कमी केला की सायकल मऊपणे हळू होते. ब्रेक, मग जोर, मग परत ब्रेक असं करत रांगेला रबरासारखं ताणून-आखडून टाकणारे आपल्याकडे गिअरवालेच आहेत.

घाटवाला

धागाकर्ते, वेलोड्रोमचं (सायकल शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकचं) उदाहरण कोणीतरी देईलच, म्हणून आधीच बोलतो. ट्रॅकवर सायकलला ब्रेक नसतात आणि तरी लोक चाकाला चाक लावून जातात, हे खरं. पण तिथे *सगळेच* फिक्स्डवर असतात, सगळे एकाच दिशेने जातात आणि समोरून गाय येत नाही. आपण एबी रोडवर, म्हणजे आग्रा–मुंबई रस्त्यावर जातो. वीस जणांत एकोणीस जण पाय थांबवू शकतात आणि एक जण नाही, खरी अडचण ही आहे.

मी बऱ्याच राइड पुढून सांभाळतो, म्हणून स्पीडब्रेकरचं बोलतो. वस्तीतला ब्रेकर आला की आपण काय करतो? दोन्ही पॅडल समांतर, बूड सीटवरून उचललेलं, गुडघे सैल. सायकल खालून निघून जाते. फिक्सीवाल्याला हे करताच येत नाही. ब्रेकरवर चढताना त्याचा एक पाय वर आणि एक खाली असू शकतो, आणि तो फिरतच असतो. वळणावर तेच. आपण आतलं पॅडल वर धरून झुकतो, त्याचं आतलं पॅडल खाली येणारच. रस्त्याला टेकलं तर मागचं चाक उचललं जातं. तो एकटा असेल तर एकटा पडेल. मागे पंधरा जण असतील तर?

फिक्सी_चालवणारा

नमस्कार, ज्याच्यावरून हे सगळं चाललंय तो मीच.

घाटवाला काका, ब्रेकरचा मुद्दा मान्य आहे, पण त्यावर उपाय नाही असं नाही. ब्रेकर दिसला की मी लांबूनच वेग कमी करतो आणि त्यावर हळू चढतो. ताशी 15 ला पाय फिरत असले तरी धोका नसतो. पॅडल टेकण्याचं म्हणाल तर माझे क्रँक (पॅडलचे दांडे) 165 मिलिमीटरचे आहेत, मुद्दाम आखूड घेतलेत. माझ्या सायकलला पुढे ब्रेक आहे आणि पायाला पट्टे आहेत. पट्ट्याशिवाय फिक्सी चालवणं मला स्वतःलाच पटत नाही, कारण पाय सुटला की फिरणारं पॅडल पोटरीवर येतं.

गिअर 48 ला 17, म्हणजे पुढे 48 दाते आणि मागे 17. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात साधारण 5.9 मीटर. आपली रांग ताशी 30 ने जाते तेव्हा माझे पाय मिनिटाला 84 फेरे घेतात. गिअरवाले बरेच जण तेवढेच घेतात. सपाटीवर मी कोणाला जड कसा होतो, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

राजेंद्रनगर_ताई

दादा, मी सांगते. त्या दिवशी तुमच्या मागे काही वेळ मीच होते.

तुम्ही वाईट चालवत नव्हता. अंदाज येत नव्हता. ग्रुपमध्ये आपण पुढच्याचे पाय बघत असतो. पाय थांबले की कळतं, हा आता हळू होणार. फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू आली की न बघताही बोटं ब्रेकवर जातात. तुमचे पाय थांबतच नाहीत आणि टिकटिकही नाही. तुम्ही हळू होत होता आणि ते मला अंतर कमी झाल्यावरच कळत होतं. मला ग्रुपमध्ये येऊन फार दिवस झाले नाहीत. जुन्या लोकांना हे जाणवणारही नाही, पण आपल्या राइडमध्ये नवे लोक, विशेषतः बायका, आता बऱ्याच असतात.

बंदी नको असं मलाही वाटतं. पण नव्या माणसाला फिक्सीच्या थेट मागे ठेवू नका, आणि हळू होताना हाताने किंवा तोंडाने सांगा.

फिक्सी_चालवणारा

ताई, हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. हात दाखवीन, ओरडीनही.

जुना_मिस्त्री

ब्रेकवर एवढी चर्चा झाली, पण लॉकरिंगचा (मागचं दातेरी चक्र जागेवर धरणाऱ्या कडीचा) विषय कोणीच काढला नाही. माझ्या दृष्टीने पहिली तपासणी तिथे हवी.

खऱ्या ट्रॅक हबवर (मागच्या चाकाच्या मधल्या भागावर) कॉग, म्हणजे ते दातेरी चक्र, सरळ आट्यांवर पिळतात आणि त्याच्यावर लॉकरिंग उलट्या आट्यांवर. त्यामुळे पायाने मागे रोखलं की कॉग सुटायला बघतो, पण लॉकरिंग आणखी घट्ट होतं. हल्ली मुलं काय करतात? जुनी गिअरची सायकल घेतात, फ्रीव्हील काढतात आणि त्याच हबवर कॉग पिळून आट्यांना डिंक लावतात. त्या हबवर लॉकरिंगला जागाच नसते. एका दुकानातून अशी ‘तयार’ फिक्सी माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. चाक शिकंजात धरून मी साखळीच्या पान्याने कॉगला उलटा झटका दिला आणि तो अर्धा फेरा निघाला. रस्त्यावर, पुढे ट्रॅक्टर असताना निघाला असता तर पाय नुसते हवेत फिरले असते.

अशी सायकल पुढे ब्रेक असला तरी राइडमध्ये घेऊ नका. साखळीचा ताणही बघा. सैल साखळी उतरून कॉगमध्ये अडकली तर मागचं चाक जागेवर बसतं.

रात्रीचा_सायकलस्वार

मी बीआरएम करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही 1200 किलोमीटरची राइड 90 तासांत फिक्स्डवर पुरी करणारे लोक आहेत, तेव्हा ‘फिक्सीवर जमत नाही’ हा मुद्दा बाद. पण ते उतारावर आपल्या वेगाने जातात, कोणाच्या रांगेत अडकून नाही. चढावर त्यांना जोर मोडून चालत नाही, आणि उतारावर बाकीचे घरंगळत पुढे निघून जातात. दोन्हीकडे ते रांगेच्या तालात बसत नाहीत. दोष कोणाचाच नाही, रांग सोडून चालवायची मोकळीक द्या.

सुदामानगरकर (धागाकर्ता)

मिस्त्रीकाका, लॉकरिंगचं शंभर टक्के मान्य. अटींच्या यादीत पहिलं तेच घालू.

पण ‘फिक्स्ड म्हणजे आजकालच्या पोरांचं फॅड’ असा सूर ग्रुपवर होता, त्याबद्दल. टूर द फ्रान्समध्ये 1937 पर्यंत डिरेलरला (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेऊन गिअर बदलणाऱ्या यंत्राला) परवानगी नव्हती. स्पर्धक चढ आला की उतरून मागचं चाक काढायचे आणि उलटं करून दुसऱ्या बाजूच्या दात्यांवर चढ चढायचे. ती सायकल आपल्या खेळाच्या मुळाशी आहे, तिला दारातून हाकलू नये असं मला वाटतं.

घाटवाला

त्या लोकांच्या मागे नवशिके नव्हते आणि सोयाबीनच्या ट्रॉल्याही नव्हत्या. परंपरेबद्दल मला आदर आहे, पण माझी जबाबदारी सगळ्यांना अख्खं घरी आणायची आहे.

आता घाटाचं बोलू, कारण ते कोणी बोलत नाही. पुढच्या महिन्यात खंडवा रोडने चोरल आहे. सिमरोल सोडलं की भेरूघाट. वर दिलेल्या गिअरवर ताशी 50 म्हणजे मिनिटाला 140 फेरे. त्या वेगात पाय पॅडलला चालवत नाहीत, पॅडल पायाला ओढतं. आणि तिथे वळणावळणाला ट्रक, रस्त्याचं काम, कडेला खडी. पुढच्या ब्रेकने हळू उतरेल म्हणता, उतरेल. पण मागच्यांनी त्याला ओलांडायचं कुठून? ट्रकच्या बाजूने?

फिक्सी_चालवणारा

काका, माझं मागचं चाक दोन्हीकडून लागतं. एका बाजूला फिक्स्ड कॉग, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. सिमरोलला थांबून पाना लावून उलटवलं की पाच-सात मिनिटांत सायकल तुमच्यासारखी होते. मागचा ब्रेकही बसवीन. पाना मी घेऊन येतो. घाट फ्रीव्हीलवर उतरीन आणि परत चढून आलो की पुन्हा फिक्स्ड.

घाटवाला

असं असेल तर घाटाबद्दलचा माझा निम्मा आक्षेप गेला. मग असं करू. महू, सुपर कॉरिडॉर, उज्जैन रोड: फिक्सी चालेल. पुढचा ब्रेक, लॉकरिंग, पायाला पट्टे, आणि जागा रांगेच्या शेवटी, ताईंच्या मागे. पहिल्या राइडआधी मिस्त्रीकाका चाक बघतील. चोरलला दोन्ही ब्रेक आणि फ्रीव्हील, तेही सिमरोलला थांबल्यावर मी स्वतः बघणार.

बिनब्रेकवाल्यांबद्दल मात्र चर्चा नाही. आले तर त्यांनी आपापले जावे.

राजेंद्रनगर_ताई

रांगेच्या शेवटी कायम एकालाच का? आपण सगळे आळीपाळीने पुढे येतो, त्यालाही येऊ द्या. पुढे असताना त्याच्या मागे जुना माणूस ठेवा, एवढंच.

घाटवाला

यावर मी अजून तयार नाही. महूची एक राइड होऊ द्या, मग बोलू.