सोयाबीनच्या घरच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळायलाच पाहिजे का?

काटोलवाला: गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून पाहिले, ८४ उगवले. ७० च्या वर म्हणजे बी पेरायजोगं. मग औषध कशाला? ७५-१०० मि.मी. पाऊस झाल्यावर वाफशावर पेरलं तर नुसतं रायझोबियम (मुळांच्या गाठीत नत्र धरणारे जिवाणू) पुरतं. वरून औषध लावलं की तेच जिवाणू मरतात. शिवाय चोळलेलं बी उरलं तर कळमन्याच्या बाजारात नेता येत नाही, ढोराले टाकता येत नाही.

काळी माती: भाऊ, गोणपाट फक्त बी जिवंत आहे का ते सांगते. मातीत काय दबा धरून बसलंय, ते नाही. पेरल्यावर आठ दिवस झड लागली की बी जागेवर कुजते. उगवलंच तर जमिनीलगत पांढरी बुरशी, तिच्यात मोहरीएवढे दाणे, अन् रोप आडवं. कॉलर रॉट. ते दाणे वर्षानुवर्षे मातीत पडून राहतात. एकराला ३० किलो बी, कार्बोक्सिन-थायरम बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम, म्हणजे सारं ९० ग्रॅम. दुबार पेरणीला परत ३० किलो बी लागते, ते कोण देते?

उमरेडचा: मी ट्रायकोडर्मा, म्हणजे मित्रबुरशी, लावतो, किलोला १० ग्रॅम. रायझोबियमशी भांडण नाही.

काळी माती: चांगलं आहे, पण गेल्या साली रोपं मेली त्या वावरात मी त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहणार नाही. अन् जिवाणू मरतात म्हणता, तर आधी औषध चोळा, सावलीत सुकू द्या, रायझोबियम पेरणीच्या तोंडावर लावा. लगेच पेरा. हात मात्र हलका ठेवा, साल सुटलं की उगवण गेली.

बांधावरून: दुकानदार सांगतो तेवढं औषध करत नाही, हेही लिहा. पाणी साचल्यावर येणाऱ्या पिथियम या रोगावर कार्बोक्सिन चालत नाही, तिथे मेटॅलॅक्सिल लागते. पिवळा मोझॅक तर विषाणू, पांढऱ्या माशीचं काम. ऑगस्टच्या उघाडीत चारकोल रॉटनं (मूळ-खोड कुजवणारी बुरशी) झाडं वाळली तर जूनची बीजप्रक्रिया तिथवर पुरत नाही. रोप उभं राहीपर्यंतची राखण आहे ती.

काटोलवाला: हे पटलं. नाल्याकडचं वावर दरवर्षी चिभडते, तिथलं बी चोळतो. तेवढंच, उरायला नको. वरच्या मुरमाड तुकड्याला मात्र नाही म्हणजे नाही.

काळी माती: नाल्याकडेही पेरणीच्या चार ओळी बिनऔषधाच्या सोड. पंधराव्या दिवशी दोन्हीकडची रोपं मोजून इथे टाकजो.